शेलारमामांची नोंद कोठे सापडते?

पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे शेलारमामांचे गाव म्हणून ओळखले जाते. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठही याच तालुक्यात आहे. येथील मुलांना सिंहगडची लढाई पाठ्यपुस्तकाआधी घरातच कळलेली असते. अशा वर्गात एखाद्याने विचारले, "सर, हे सगळे आपल्याला कशावरून माहीत?" तर काय उत्तर द्यावे?

प्रयोगवहीत आपण निरीक्षणाबरोबर ते कोणी, केव्हा आणि कसे घेतले हेही लिहितो. इतिहासाच्या साधनांनाही हेच प्रश्न विचारावेत. फळ्यावर तीन रकाने आखा.

पहिला रकाना जेधे शकावलीचा. तिच्यात ४ फेब्रुवारी १६७०ची ही घटना तिथीनिशी, अगदी थोडक्यात येते. वर्णन जवळजवळ नाहीच.

दुसरा सभासद बखरीचा. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांसाठी जिंजी येथे १६९४च्या सुमारास, म्हणजे लढाईनंतर सुमारे २४ वर्षांनी लिहिली. तीत निवडक ५०० मावळे आहेत, कड्यावरून रात्री केलेली चढाई आहे. तानाजी आणि उदेभान एकमेकांशी लढता लढता पडतात आणि तानाजीचा भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड घेतो.

तिसरा शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याचा. तो गोंधळ्यांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. अॅकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात तो छापला गेला. रायबाचे लग्न, घोरपड आणि वृद्ध शेलारमामांचा पराक्रम येथे भेटतात.

आता मुलांना तुलना करू द्या. तिन्ही साधने कशावर एकमत आहेत? गड घेतला गेला आणि तानाजी पडला यावर. घोरपड कोणत्या रकान्यात आहे? उदेभान कोणाच्या हातून पडला? शाहिराचा श्रोता कोण होता आणि सभासदाचा वाचक कोण?

याला जोडून एक छोटा शोध देता येईल. गडाला 'सिंहगड' हे नाव तानाजीच्या मृत्यूनंतर मिळाले, असे सर्रास सांगितले जाते. पण शिवाजी महाराजांच्या ३ एप्रिल १६६३च्या पत्रात हे नाव आलेले आहे. लढाईपूर्वी सात वर्षे लिहिलेले एक पत्र किती मोठी समजूत बदलू शकते, हे मुलांना स्वतः पाहता येते.

कुडपणच्या मुलाला मात्र एक प्रश्न बोचेल : सभासदाच्या रकान्यात शेलारमामा नाहीत, मग ते खोटे का? येथे शिक्षकाने घाई करू नये. एखाद्या साधनात नोंद नसणे म्हणजे ती व्यक्ती नव्हतीच, असे सिद्ध होत नाही. त्याचबरोबर गावाच्या अभिमानाने पुराव्याची उणीव भरून निघत नाही. 'पोवाडा आणि गावाची स्मृती असे सांगतात' हे वाक्य प्रामाणिक आहे, आणि त्यात कुणाचाही अपमान नाही.

म्हणून चौथा रकाना मोकळा ठेवा. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची माहिती त्यांच्याच शब्दांत लिहावी. सांगणाऱ्याचे वय, त्याने ती कोणाकडून ऐकली आणि आपण कोणत्या तारखेला लिहून घेतली, हेही नोंदवावे. गावातील जुन्या दगडांची चित्रे काढून मापे घ्यावीत. आज लिहिलेली ही वही उद्याच्या अभ्यासकासाठी साधन ठरू शकेल. मात्र तिच्यात ऐकलेले आणि पाहिलेले वेगवेगळे लिहिलेले असले पाहिजे.