पायातला वाळा

1963चा फेब्रुवारी सरत आलाय. शेवगाव तालुक्यात, गोदावरीच्या काठाला, काढणीला आलेल्या शाळूच्या रानात तुम्ही उभे आहात. आभाळाचा काळसर तुकडा झुकावा तसा एक थवा वळतो आणि कणसांवर कोसळतो. भोरड्या! माळ्यावरचं पोर गोफण गरगरवत ओरडतं. थवा उठतो, बांधापलीकडे टेकतो, पुन्हा येतो. थोड्याच आठवड्यांत या भोरड्या मध्य आशियाच्या वाटेला लागतील. पुढच्या हिवाळ्यात त्यांतली कोणती याच रानात उतरली, हे कुणालाही सांगता यायचं नाही. सगळ्या सारख्याच.

एखादीला वेगळं ओळखायचं तर तिच्या पायात वाळा हवा. तो कसा चढतो ते पाहायला त्याच दशकातल्या भरतपूरला चला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या छावणीत कापडी पिशव्या टांगल्यात आणि आतून हलताहेत. एका पिशवीतून धोबी निघतो. त्याची पाठ तुमच्या तळव्याला, मान दोन बोटांच्या मधे. आवळू नका, नुसतं धरा. त्याचं काळीज इतकं भरभर चालतं की ठोके वेगळे जाणवतच नाहीत. पक्कडीने वाळा मिटवतात. तो पायावर सैल फिरला पाहिजे, पण घोट्यावरून निसटता कामा नये. त्यावर क्रमांक आणि मुंबईला कळवण्याची इंग्रजी सूचना. मग चिमट्याने पिसांतल्या गोचिडी शोधायच्या.

गोचिडी कशाला? 1957मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू हुडकला. तो रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. सायबेरियातून येणारे पक्षी गोचिडींबरोबर रोग आणतात की काय, असा संशय आला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सोसायटीचे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या वाळे चढवण्याच्या कामाला पैसा दिला. संशयाला पुरावा मिळाला नाही, पण त्या पैशातून हजारो पक्ष्यांच्या पायांत वाळे चढले. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता 1976. गोदाकाठचं ते शाळूचं रान शोधू नका. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं जायकवाडीचं धरण उभं राहिलंय आणि शेतं, घरं, पारावरच्या गप्पा पाण्याखाली गेल्यात. दहा वर्षांनी, 1986मध्ये, या पाण्याला पक्षी अभयारण्य म्हणतील. ते म्हणावंच, पण इथला थवा पाहताना ज्यांची गावं गेली त्यांना विसरणं मला जमत नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकातला एक जुलै. मंगोलियातलं तेरखीन त्सागान सरोवर, गार वारा. जायकवाडीसारख्या पाण्यावर हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकदंब हंसांची पिसं झडलीत, उडता येत नाही. लहान होड्या अर्धवर्तुळात पुढे सरकतात, कदंब पोहत पोहत जाळ्याच्या कुंपणात शिरतात. तुम्ही एकाला काखेत घेता. तो पंखाने असा सणसणीत तडाखा देतो की हात बधिर होतो. पायात धातूचा वाळा, गळ्यात लांबून वाचता येईल अशी अक्षरांची पट्टी. काहींच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं यंत्र. अशाच यंत्रांनी पुढे दाखवलं की हिमालय ओलांडताना हे पक्षी 7,290 मीटरपर्यंत चढतात आणि बहुधा रात्री किंवा पहाटे उडतात, कारण थंड हवा दाट असते, पंखांना आधार देते.

पट्टी बांधून निम्मंच काम होतं. मंगोलियातल्या पट्ट्या कर्नाटकात मागडीच्या तळ्यावर वाचल्या गेल्या, कारण तिथे कुणीतरी दुर्बीण लावून बसलं होतं.

म्हणून आता आजच्या मार्चमध्ये या. जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, ओसरतोय, बेटं उघडी पडताहेत, पट्टकदंब परतीच्या प्रवासाआधी कोवळं गवत खुडताहेत. बेटावर पाऊल ठेवू नका, थवा उठेल, काठावरूनच पाहा. एखाद्याच्या गळ्यात पट्टी दिसली तर तो मान वर करेपर्यंत थांबा. रंग, अक्षर, अंक, वाळा कोणत्या पायात, तारीख, गाव, सगळं लिहा आणि मुंबईला सोसायटीला कळवा. एखादं अक्षर दिसलं नाही तर तिथे रिकामी जागा सोडा, अंदाजाने भरू नका.