अंगावरील यंत्राची कसोटी

यंत्र अंगावर वागविण्याची मनुष्याची हौस आजची नाहीं. सोळाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं पेटर हेन्लाइन नांवाचा कुलुपें घडविणारा कारागीर लहान घड्याळें करूं लागला. अशीं घड्याळें गळ्यांत अगर कमरेस अडकवून श्रीमंत लोक मिरवीत. त्यांस तासकांटा तेवढा असे, आणि वेळ इतकी चुके कीं, छायायंत्राशीं ताडून पाहिल्यावांचून त्यांवर विसंबतां येत नसे. १६७५ सालीं हायगेन्स या डच शास्त्रज्ञानें केसासारख्या बारीक वेटोळ्याच्या कमानीची युक्ति प्रसिद्ध केली, तेव्हां कोठें खिशांतील घड्याळ मिनिटांचा हिशेब देऊं लागलें. भरंवसा संपादन करण्यास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं.

हें आठवण्याचें कारण अलीकडचें आहे. इम्रान चौधरी व बेथनी बोंजोर्नो हें पूर्वीं ॲपल कंपनींत काम केलेलें दांपत्य. त्यांच्या ह्यूमेन कंपनीनें नोव्हेंबर २०२३ मध्यें 'एआय पिन' जाहीर केली. लोहचुंबकानें छातीवरील कपड्यास लावावयाची ही चौकोनी डबी. तिला पडदा नाहीं. प्रश्न बोलून विचारावा, उत्तर ऐकावें, किंवा तळहातावर प्रकाशानें उमटलेलीं अक्षरें वाचावीं. खिशांतील फोनकडे सारखें पाहण्याची संवय सुटावी, हा हेतु. त्यास क्षुद्र कोण म्हणेल? किंमत होती ६९९ डॉलर, शिवाय दरमहा २४ डॉलर वर्गणी.

परंतु जाहिरातीच्या चित्रफितींतच ठेंच लागली. पुढचें ग्रहण केव्हां व कोठून उत्तम दिसेल, असें विचारतां यंत्रानें खग्रास सूर्यग्रहणाची तारीख ८ एप्रिल २०२४ आणि ठिकाणें ऑस्ट्रेलिया व पूर्व तिमोर सांगितलीं. तेथून दिसणारें ग्रहण २०२३ च्या एप्रिलांतच होऊन गेलें होतें. पुढचें दिसावयाचें होतें मेक्सिको, अमेरिका व कॅनडा येथून. ग्रहणांचीं कोष्टकें वर्षानुवर्षें आधीं छापलेलीं असतात! वर्गांत शिकविलेल्या माणसास ठाऊक असतें कीं, 'येत नाहीं' म्हणणाऱ्या मुलापेक्षां ठामपणें चुकीचें सांगणाऱ्याची काळजी अधिक वाटते.

एप्रिल २०२४ मध्यें यंत्र ग्राहकांच्या हातीं आलें आणि परीक्षकांनीं त्याचे दोष उघड केले. इवल्याशा डबींत बॅटरी, कॅमेरा व प्रकाशयंत्र कोंबलेलें, त्यामुळें तें तापे. बुद्धि दूरच्या संगणकांत, म्हणून उत्तरास विलंब होई. उन्हांत तळहातावरील अक्षरें दिसत नसत. फोन सोडवावयास आलेल्या यंत्रास मालकाचा जुना फोन क्रमांकही चालत नसे. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वृत्ताप्रमाणें वर्षांत एक लाख नग खपण्याची आशा होती. आरंभींच्या मागण्या दहा हजारांच्या आसपास आल्या.

शेवटीं फेब्रुवारी २०२५ मध्यें एचपी कंपनीनें ह्यूमेनची बहुतेक मालमत्ता ११ कोटी ६० लाख डॉलरांस घेण्याचें ठरविलें, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस ते दूरचे संगणक बंद झाले. निरोप, फोन, प्रश्नोत्तरें, सारें थांबलें. बॅटरी किती उरली एवढें मात्र यंत्र यापुढेंही दाखवील, असें कंपनीनें कळविलें.

जुनें घड्याळ चुकत असे. पण तें छायायंत्र फेंकून द्या असें सांगत नव्हतें, आणि करणारा कारागीर वारला तरी किल्ली दिल्यावर चालत असे. अंगावर यंत्र लावण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. तें एक तरी काम चोख करतें काय? न येणारें 'येत नाहीं' म्हणून सांगतें काय? आणि करणाऱ्याचें दुकान मिटल्यावर तें आपलें राहतें काय?