पाण्याखालचे भगदाड

समुद्रावर नव्याने आलेल्या माणसाला वादळाचे भय वाटते; जुन्या खलाशाला त्याहून अधिक भय असते ते पायाखालच्या पाण्याचे. वादळाची चाहूल लागते, शिडे उतरवायला अवधी मिळतो. परंतु जहाजाच्या बुडाला, पाण्याच्या रेषेखाली, अकस्मात भगदाड पडले म्हणजे शत्रू घरातच शिरलेला असतो, आणि तो नेमका कोठून शिरला हे पुष्कळदा कळतही नाही. पाण्याखाली तीन-चार फुटांवर मुठीएवढे भोक पडले तरी त्यातून मिनिटाला शेकडो लिटर पाणी आत येते. अशा वेळी नवी विद्या शिकायला सवड नसते. जे आधीपासून जहाजात आहे आणि जे आधीपासून माणसांच्या डोक्यात आहे, तेवढेच उपयोगी पडते. कॅप्टन जेम्स कुक याच्या ‘एन्डेव्हर’ या जहाजाची कथा या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

या कथेचा आरंभ संकटाच्या दोन वर्षे आधी, जहाजाच्या निवडीपासून होतो. १७६८ साली ब्रिटिश नौदलाला शुक्राच्या अधिक्रमणाचा वेध घेण्यासाठी दक्षिण समुद्रात ताहिती बेटावर एक मोहीम धाडावयाची होती. तिच्यासाठी डौलदार युद्धनौका निवडली गेली नाही. निवडले गेले ते व्हिटबी येथे १७६४ साली बांधलेले, कोळसा वाहणारे, ३६८ टनांचे एक ओबडधोबड जहाज. त्याचे बूड रुंद आणि सपाट होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कोळशाची जहाजे ओहोटीच्या वेळी खुशाल वाळूवर बसत आणि भरती आली की पुन्हा तरंगत. असे जहाज गोदीवाचूनही कोणत्याही किनाऱ्यावर टेकवून त्याचे बूड तपासता येते. जेथे एकही गोदी नाही अशा समुद्रात जायचे असल्यामुळे हा गुण वेगापेक्षा मोलाचा होता. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून बुडावर फळ्यांचा आणखी एक पातळ थर ठोकण्यात आला. सुतार, लोहार, भट्टी, खिळे, डांबर आणि फळ्यांच्या सांधी बुजविण्यासाठी जुन्या दोरखंडांचा पिंजलेला काथ्या, हे सारे बरोबर घेतलेले होते.

शुक्राचा वेध घेऊन आणि न्यूझीलंडची प्रदक्षिणा करून हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे जात होते. ११ जून १७७० च्या रात्री अकराच्या सुमारास, चांदणे स्वच्छ असताना, ते प्रवाळाच्या खडकावर आदळले आणि तेथेच अडकून बसले. किनारा वीस मैलांहून अधिक दूर होता, आणि जहाजावरच्या होड्यांत सगळी माणसे मावण्यासारखी नव्हती. त्यातून दुर्दैव असे की, जहाज आदळले ते भरतीच्या वेळी; म्हणजे पाणी आता उतरणार होते.

कुकने पहिली आज्ञा दिली ती भार कमी करण्याची. सहा तोफा, तळाशी स्थैर्यासाठी ठेवलेले लोखंड व दगड, पिंपे, तेलाच्या बरण्या, कुजके सामान, असे चाळीस-पन्नास टन ओझे समुद्रात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी भरती आली, पण जहाज हलले नाही. पाणी सुमारे दीड फूट कमी पडले. आता आशा होती ती रात्रीच्या, अधिक उंच येणाऱ्या भरतीवर. परंतु ही आशा भयाने ग्रासलेली होती. जहाजावरील चार पंपांपैकी तीनच चालत होते आणि गळती वाढत होती. खडकाने जहाज जखमी केले होते हे खरे. पण तूर्त त्याला वर धरून ठेवणाराही तोच होता. त्यावरून सुटताच ते खोल पाण्यात बुडण्याचा संभव होता. तरीही कुकने धोका पत्करला. रात्री दहा वाजून गेल्यावर, जवळजवळ तेवीस तासांनी, जहाज तरंगले. त्या वेळी आत पावणेचार फूट पाणी होते.

याच वेळी एक विलक्षण गोष्ट घडली. आतील पाण्याची खोली मोजणारा माणूस बदलला. पहिला माणूस आतल्या अस्तराच्या फळीपासून माप घेत असे. नव्याला हे ठाऊक नसल्यामुळे त्याने बाहेरच्या फळीपासून घेतले. दोहोंत सोळा-अठरा इंचांचा फरक होता. थोड्याच वेळात पाणी एवढे चढले, असा सर्वांचा समज झाला आणि प्रथमच माणसांच्या मनात भीती शिरली. चूक ध्यानात येताच मात्र सर्वांना जणू नवा जीव आला, आणि कप्तानापासून शास्त्रज्ञ जोसेफ बँक्सपर्यंत जे सारेच पाळीपाळीने पंपावर राबत होते, ते दुप्पट जोमाने पंप ओढू लागले. सकाळी आठपर्यंत पंपांनी पाण्यावर मात केल्याचे दिसू लागले. पाणी मोजण्याची ठरलेली रीत नव्या माणसाला न सांगणे ही केवढी क्षुल्लक बाब! पण तेवढ्याने मनुष्यबळ खचण्याची वेळ आली होती.

तरी पंप हा उपाय नव्हे, ती केवळ मुदत होती. दमलेले हात किती तास टिकणार? भोक बाहेरून बुजविणे अवश्य होते. येथे जोनाथन मंकहाउस नावाचा एक तरुण उमेदवार अधिकारी पुढे आला. पूर्वी व्हर्जिनियाहून लंडनला येणाऱ्या एका व्यापारी जहाजावर तो होता. ताशी चार फूट पाणी घेणारे ते जहाज एका युक्तीने सुखरूप पोचलेले त्याने पाहिले होते. कुकने ते काम त्याच्याच हाती सोपविले. काथ्या आणि लोकर बारीक कातरून त्यांचे मूठमूठ पुंजके एका शिडावर सैल टाके घालून बसविण्यात आले, त्यावर मेंढ्यांच्या लेंड्या पसरण्यात आल्या, आणि दोरांनी ते शीड जहाजाच्या बुडाखालून ओढून गळतीच्या जागी नेण्यात आले. भोकातून आत धावणाऱ्या पाण्याने ते पुंजके आपल्याबरोबर ओढून घेतले आणि भगदाड आपोआप बुजत गेले. जे पाणी जहाज बुडवीत होते, त्याच्याच ओढीकडून डागडुजी करवून घेतली गेली. जेथे तीन पंप अपुरे पडू पाहत होते, तेथे आता एक पुरेसा झाला.

काही दिवसांनी जहाज गुगु यिमिथिर लोकांच्या भूमीतील एका नदीच्या मुखात शिरले. या नदीला पुढे जहाजाचेच नाव मिळाले. तेथील उतारावर ते टेकविण्यात आले, आणि व्हिटबीच्या सपाट बुडाची किंमत आता कळून आली. चार फळ्या आरपार कापल्या गेल्या होत्या, आणि सर्वांत मोठ्या भोकात प्रवाळाचा एक तुकडा तुटून अडकून राहिला होता. त्यानेही बरेच पाणी अडवले होते. त्या भूमीवरील मुक्कामात भट्टी पेटवून नवे खिळे घडविले गेले, फळ्या बदलल्या गेल्या, आणि ४ ऑगस्टला जहाज पुन्हा निघाले. बटाव्हियाच्या गोदीत पाहणी झाली तेव्हा काही ठिकाणी फळ्यांची जाडी इंचाच्या आठव्या हिश्शाएवढीच उरलेली आढळली. तेथील रोगराईने मात्र अनेकांचा बळी घेतला. जहाज वाचविणारा मंकहाउस फेब्रुवारी १७७१ मध्ये वाटेतच वारला. फेकलेल्या सहाही तोफा १९६९ साली अमेरिकन संशोधकांनी त्या खडकाजवळ शोधून काढल्या.

एन्डेव्हरमध्ये एक उणीव मात्र होती. तिच्या बुडाचा सारा पोकळ भाग एकसंध होता. पाणी कोठूनही शिरले तरी सर्वत्र पसरणार. चिनी जहाजबांधणीने ही अडचण कित्येक शतके आधी सोडविलेली होती. भारताकडे व्यापाराला येणाऱ्या चिनी जहाजांचे बूड आडव्या, पाणी न झिरपणाऱ्या भिंतींनी तेरा कप्प्यांत विभागलेले असे, एक कप्पा फुटला तर त्यातील माल दुसऱ्यात हलवून दुरुस्ती करता येत असे, असे तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने सांगितले आहे. हे ऐकीव वर्णन नव्हते. १९७४ साली चीनमधील च्वानचौ बंदराजवळ चिखलातून काढलेल्या त्याच काळातील जहाजात खरोखरच तेरा कप्पे होते. १७८७ साली बेंजामिन फ्रँकलिनने ही चिनी रीत पाश्चात्त्यांनी उचलावी असे सुचविले, आणि १७९५ च्या सुमारास सॅम्युअल बेंथॅमने ब्रिटिश नौदलासाठी तशी जहाजे आखली.

कुकने स्वतःही धडा घेतला. १७७२ च्या दुसऱ्या सफरीत त्याने एक नव्हे, दोन जहाजे नेली, आणि दोन्ही व्हिटबीचीच. आजच्या काळातील शिडाच्या छोट्या नौकांवरही शहाणा नाविक बुडातील प्रत्येक तोटीजवळ तिच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवतो. तोटी तुटली तर अंधारात शोधाशोध करावी लागू नये एवढ्यासाठी. बूड सपाट असावे, आतल्या भिंती घट्ट असाव्यात, पाणी मोजण्याची रीत सर्वांना सारखी ठाऊक असावी, आणि दुसऱ्या कोणा जहाजावर पाहिलेली युक्ती स्मरणात असलेला एखादा मंकहाउस बरोबर असावा. यांतले काहीही ऐन वेळी मिळत नाही. ते बंदर सोडण्यापूर्वीच जहाजावर असावे लागते.