हौशी कातारी : विद्या लपवण्याचा आणि वाटण्याचा इतिहास

मागच्या वेळी आपण कुंभाराच्या चाकाबद्दल बोललो. आज ते चाक मनातल्या मनात आडवे करा. कुंभाराची माती उभ्या आसाभोवती फिरते, कातार्‍याचे लाकूड आडव्या आसाभोवती. 'कातारी' हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. लाकूड फिरते ठेवून त्याला हत्यार लावणारा, तो कातारी. पोळपाट-लाटणे, भोवरा, पाळण्याचे खांब, बुद्धिबळाची प्यादी, ही सगळी त्याची कामे. आपली भाषा सूतही 'कातते' आणि लाकूडही 'कातते', कारण दोन्हींत मुख्य गोष्ट फिरणे हीच आहे.

हा विषय घेण्याचे कारण एका श्रोत्याचे पत्र. गृहस्थ इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत, निवृत्तीनंतर त्यांनी लेथ घेतला. सहा महिने गॅरेजमध्ये एकट्याने खटपट केली. पुस्तके वाचली, पण हत्यार अडकायचे, झटका बसायचा, आणि एकदा तर अर्धा झालेला वाडगा सुटून भिंतीवर आदळला. शेवटी गावातल्या लेथकाम करणार्‍यांच्या क्लबात गेले. पहिल्याच संध्याकाळी एकाने त्यांची पटाशी घेऊन धार लावून दिली, दुसर्‍याने मागे उभे राहून त्यांचे कोपर धरले, तिसर्‍याने घरी जाताना ॲश लाकडाचा ठोकळा हातात ठेवला. पैसे कोणी घेतले नाहीत. ते विचारतात, "सर, ही माणसं असं का वागतात? त्यांना यातून काय मिळतं?"

चांगुलपणा, हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. चांगली माणसे सगळ्या काळांत होती, पण तीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या एखाद्या कातार्‍याकडे असे कोणी गेले असते तर त्याला दार दाखवले गेले असते. आणि तो कातारीही चांगलाच माणूस असता. म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदलले. काय बदलले ते बघू.

लंडनच्या कातार्‍यांचा संघ जुना. १३१० साली शहराच्या महापौराने त्यांना बोलावून ताकीद दिल्याची नोंद आहे, की मापे कराल ती ठरलेल्या आकाराचीच करा. दारूची मापे तेव्हा लाकडी असत आणि ती कातारी करत, त्यामुळे बाजारातला प्रामाणिकपणा त्यांच्या हातात होता. १६०४ साली पहिल्या जेम्स राजाने या संघाला सनद दिली. आता सनद म्हणजे काय? धंदा कोणी करायचा आणि कोणी नाही, हे ठरवण्याचा हक्क. त्याआधीच, १५६३ च्या कायद्याने, सात वर्षांची उमेदवारी सक्तीची झालेली होती. मुलाने गुरूच्या घरी राहायचे, झाडलोट करायची, आणि बघत बघत शिकायचे. ही सक्ती कायद्यातून गेली ती १८१४ साली.

आपल्याला हे कोतेपणाचे वाटते. पण त्या कातार्‍याच्या बाजूने विचार करा. त्याच्याकडे जमीन नाही, भांडवल नाही, हातातली कसब एवढीच काय ती इस्टेट. ती कोणालाही वाटली, तर मुलाला काय ठेवायचे? आपल्याकडे तर हे काम जातीनेच बांधलेले, तिथे सनदेचीही गरज पडली नाही.

दुसरी मंडळी होती ती उमरावांची. लेथ हा युरोपातल्या राजेरजवाड्यांचा फार आवडता छंद. रशियाचा पीटर द ग्रेट हा त्यातला नामांकित हौशी. त्याच्या पदरी आंद्रेई नार्तोव्ह नावाचा असामान्य कारागीर होता, त्याने केलेले लेथ आजही सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. या हौशी लोकांसाठी १७०१ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरी एक ग्रंथ निघाला, लेथकामाला वाहिलेला पहिला मोठा ग्रंथ. लेखक शार्ल प्ल्युमिए, मिनिम पंथाचा साधू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. आपल्या देवळांच्या आवारात असतो ना, तो पांढरा चाफा? त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया, ते याच प्ल्युमिएवरून आले. असो. पुढे लंडनच्या होल्टझॅफेल घराण्याने नक्षीच्या लेथकामाची अतिशय महागडी यंत्रे विकली आणि १८४३ पासून त्या विषयावर पाच जाडजूड खंडही काढले. म्हणजे विद्या उघडी झाली, पण ज्याच्या खिशात पैसा त्याच्यापुरती. शिवाय हा उमराव आपल्या वाड्यातल्या खोलीत एकटाच बसे, सोबतीला पगारी माणूस. शेजार्‍याचा हात धरून शिकवणे हे या चित्रात कुठेच बसत नाही.

आता या कहाणीतल्या आम्हाला सर्वांत महत्त्वाच्या वाटणार्‍या माणसाकडे येऊ. त्याचे नाव जॉर्ज लेली. इंग्लंडमध्ये बर्कशायर परगण्यात बकलबरी नावाचे गाव आहे, तिथल्या माळावर एका झोपडीवजा कारखान्यात तो एल्म लाकडाचे वाडगे करी. वीज नाही, इंजिन नाही. त्याचा लेथ काठीचा. वर एक लवचिक काठी, तिला बांधलेली दोरी लाकडाभोवती वेढा घेऊन खाली पायपट्टीला येते. पाय दाबला की लाकूड आपल्याकडे फिरते, सोडला की काठी ते उलटे फिरवते. कापणे फक्त दाबताना. म्हणजे निम्मा वेळ हत्यार नुसते थांबलेले. आपल्याकडच्या जुन्या लेथचेही असेच, फक्त तिथे काठीच्या जागी कमान असे किंवा पट्टा ओढणारा दुसरा माणूस, बहुधा घरचेच कोणीतरी.

लेलीची खरी करामत अशी, की तो एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढी. आकडीसारख्या वाकड्या हत्याराने तो बाहेरच्या वाडग्याच्या आतून वळत जाई आणि आतला गाभा अखंड सोडवून घेई, मग त्या गाभ्यातून पुढचा वाडगा. लाकूड वाया जात नाही. हे हत्यार दुकानात मिळत नव्हते. कोणत्या कोनात वाकवायचे, कुठे धार ठेवायची, कधी थांबायचे, हे त्याच्या घराण्यात चालत आले होते. १९५८ साली लेली वारला. शिष्य नव्हता. त्याचा लेथ आणि हत्यारे रीडिंग इथल्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात गेली. वस्तू सगळ्या शाबूत होत्या, आणि त्या कशा चालवायच्या हे सांगणारा एकही माणूस उरला नव्हता.

इथे थोडे तत्त्वज्ञान सांगितल्याशिवाय आम्हाला राहवणार नाही, जुनी सवय आहे. गिल्बर्ट राइलने १९४९ मध्ये 'अमुक आहे हे ठाऊक असणे' आणि 'अमुक करता येणे' यांत भेद केला. मायकेल पोलान्यी पुढे जाऊन म्हणाला, की आपल्या ज्ञानाचा मोठा भाग शब्दांत उतरतच नाही. लेथवर हे लख्ख दिसते. नवशिक्याला सांगतात, हत्याराची धार आधी लाकडाला लावू नको. आधी हत्यार टेकणीवर ठेव, मग धारेमागची घासलेली उतरण फिरत्या लाकडावर टेकव, ती नुसती घासू दे, आणि मग मूठ हळूच उचल, म्हणजे धार आपोआप लाकडात शिरेल. वाक्य सोपे आहे, तुम्हाला समजलेसुद्धा. आता जाऊन करून बघा! 'हळूच' म्हणजे किती? लाकडाचा आवाज खरखरीत असताना मूठ किती वर, सायीसारखी सलग साल निघू लागली की किती? ते मागे उभा राहिलेला माणूस तुमच्या कोपराला सांगतो, तुमच्या कानाला नाही.

आणि म्हणून, संघवाल्यांनी जे लपवले त्यातले बरेचसे लपवण्याची गरजच नव्हती. चोराला भिंतीच्या फटीतून बघून ते नेता आले नसते. ज्याची खरी टंचाई होती ती गुपिताची नव्हे, शेजारी उभे राहण्याच्या वेळेची. उमेदवारीची सात वर्षे म्हणजे तोच वेळ. लेलीच्या बाबतीत तो वेळ घ्यायला कोणी आले नाही.

मग १९७० नंतर काय झाले? अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बरेच लोक लेथकडे वळले. त्यांत अभियंते होते, शिक्षक होते, कलाशाळांतून आलेली तरुण मुले होती. या पिढीचे वैशिष्ट्य असे, की तिला गुरू नव्हता. जुना धंदा कारखान्यांनी संपवला होता, उमरावांची यंत्रे माळ्यावर पडली होती. कोणाचे घराणे नाही, म्हणून कोणाचे गुपितही नाही. ज्याला जे सापडले ते त्याने दुसर्‍याला विचारून पडताळायचे, एवढाच मार्ग. १९७६ पासून फिलाडेल्फियाच्या परिसरात या लोकांची संमेलने भरू लागली. १९८५ साली टेनेसीतल्या ॲरोमाँट या हस्तकलांच्या शाळेत मोठा मेळावा झाला, आणि त्यातून १९८६ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स उभी राहिली, डेव्हिड एल्सवर्थ तिचे पहिले अध्यक्ष. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये तशीच संघटना निघाली. काठीचा लेथ वापरणार्‍यांनी १९९० मध्ये आपली वेगळी संघटना काढली. आणि लेलीची ती मुकी हत्यारे? रॉबिन वुड नावाच्या कारागिराने संग्रहालयात जाऊन ती अभ्यासली, तशी हत्यारे स्वतः घडवली, आणि चुकत चुकत ते वाडगे पुन्हा करून दाखवले. आज तो हे काम इतरांना शिकवणार्‍यांपैकी एक आहे.

तर आमच्या श्रोत्याला भेटलेला मोकळेपणा हा पोरकेपणातून आलेला आहे, असे आम्हाला वाटते. बाप नसलेली भावंडे एकमेकांना सांभाळतात, त्यातला प्रकार.

पण दुसरी बाजू लपवून चालणार नाही. क्लबात वाटणार्‍या बहुतेकांचे पोट त्या वाडग्यावर नाही, ते पेन्शनवर आहे. उदार व्हायला त्यांना काही पडत नाही, असे कोणी म्हटले तर एकदम खोडता येणार नाही. मात्र रिचर्ड रॅफनसारखी माणसे याच धंद्यावर जगली, आणि तरी १९८५ साली पुस्तक लिहून त्याने आपली पद्धत सगळ्यांसमोर मांडली. शिकवणे हाच त्यांच्या कमाईचा एक भाग झाला. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिराला हा मार्ग उघडा आहे का? त्याच्याकडे सात वर्षे राहायला मुलगा येत नाही, कारण प्लास्टिकच्या खेळण्यापुढे त्याच्या फळांचा भाव टिकत नाही. आणि शनिवारी संध्याकाळी पटाशी घेऊन येणारा निवृत्त बँक अधिकारीही येत नाही, कारण हाताने काम करणे हा छंद असू शकतो, हे आपल्या पांढरपेशा समाजाला अजून मनापासून पटलेले नाही. कातारी शिकवायला तयार असेल हो, पण शिकणार्‍याने त्याच्यासमोर जमिनीवर बसायला हवे. आमच्या मते अडचण तिथे आहे. गुपित राखण्याचा काळ केव्हाच गेला.

लंडनचा तो जुना संघ, ज्याने एके काळी बाहेरच्याला हात लावू दिला नाही, तोच आता लेथकामाची प्रदर्शने आणि स्पर्धा भरवतो. अमेरिकेतले क्लब गंभीर आजारी मुलांसाठी झाकणाच्या डब्या करून देतात. प्रत्येक उपचारामागे मुलाला एक मणी मिळतो, ते मणी त्या डबीत ठेवायचे. आणि एक पद्धत आमच्या श्रोत्याने पत्राच्या शेवटी सहज कळवली आहे. क्लबातला कोणी वारला, की घरचे लोक त्याची हत्यारे क्लबात आणून देतात, आणि ती नवशिक्यांना थोडक्या पैशांत मिळतात. त्यांच्याकडची गोल पटाशी अशीच आलेली. पोलाद घासून घासून आखूड झालेले आहे, आणि मुठीवर दुसर्‍या कोणाच्या अंगठ्याचा खळगा आहे.

पुढच्या वेळी लाखेबद्दल बोलू. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने रंग कसा चढतो, तिथून सुरुवात करू.