औरंगजेब खुलताबादला राहायचा का?

मार्च महिन्यात टीव्हीवर रोज एकाच कबरीची चर्चा चालू होती. त्याच दिवसांत आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. "सर, मैदानावर पोरं म्हणतात, तुमचा औरंगजेब. तो आपला होता का? खुलताबादलाच राहायचा ना?"

पहिल्या प्रश्नाला मी थोडा वेळ मागून घेतला. दुसऱ्याचं उत्तर सोपं होतं. नाही, तो तिथे राहायचा नाही. 3 मार्च 1707 ला त्याचं निधन अहमदनगरजवळ झालं आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे आणून दफन केलं गेलं. गावाचं जुनं नाव रौजा. मृत्यूनंतर बादशहाला 'खुल्द-मकां' म्हणजे जन्नतवासी म्हणू लागले, त्यावरून गाव खुल्दाबाद झालं आणि आपल्या बोलण्यात खुलताबाद.

मग तो इथेच का आला? कारण त्याच्याही आधी चारशे वर्षांपासून या डोंगरावर मोठी माणसं विसावलेली होती. वेरूळ चार-पाच किलोमीटरवर, दौलताबादचा किल्ला जवळच. किल्ल्याखाली राजधानी आणि वर अवलियांचं गाव, असा हा टापू. त्यातली काही माणसं मी त्या मुलाला सांगितली, ती इथेही सांगतो.

पहिले हजरत बुर्‍हानुद्दीन गरीब. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य. म्हातारपणी पाय दुखत म्हणून ते घोंगडीची घडी घालून तिच्यावर बसत. कुणीतरी चुगली केली की हे स्वतःच गादी मांडून बसलेत. गुरू रागावले. शेवटी कवी अमीर खुस्रोंनी मध्यस्थी केली तेव्हा माफी मिळाली, असं जुन्या चरित्रांत येतं. 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली आणि दिल्लीच्या आलिम-सुफींना दख्खनची वाट धरावी लागली. त्यांत बुर्‍हानुद्दीनही होते, वय सत्तरीच्या आसपास. राजधानी पुढे परत गेली, ते मात्र इथेच राहिले आणि 1337 मध्ये वारले. तापीकाठचं बुऱ्हाणपूर हे शहर त्यांच्याच नावाने वसलं. समोरच्या काठावरचं जैनाबाद त्यांचे खलिफा जैनुद्दीन शिराजी यांच्या नावाने. औरंगजेबाची कबर आहे ती याच जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात.

दुसरे अमीर हसन सिज्जी, खुस्रोंचे मित्र आणि फारसीतले मोठे गझलकार. गुरूंच्या बैठकीत जे ऐकलं ते त्यांनी सुमारे पंधरा वर्षं टिपून ठेवलं. त्यातून 'फवायदुल फुआद' हा ग्रंथ झाला. निजामुद्दीन औलिया काय बोलत होते हे आज जगाला कळतं ते मुख्यतः या एका लिहून घेणाऱ्या माणसामुळे. वर्गात वही न काढणाऱ्या मुलांना मी त्यांचं नाव आवर्जून सांगतो.

तिसरा मलिक अंबर. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकत दख्खनला आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. मुघलांना त्याने पंचवीसेक वर्षं दख्खनमध्ये झुंजवलं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. खडकी हे शहर त्याने वसवलं, जे पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे. त्याने शहरासाठी बांधलेली नहर आजही अभियंते बघायला येतात. 1626 मध्ये तो वारला. त्याचा मकबरा खुलताबादलाच आहे. म्हणजे मुघलांचा आयुष्यभराचा वैरी आणि मुघल बादशहा एकाच गावच्या मातीत आहेत.

चौथे गुलाम अली आजाद बिलग्रामी. जन्म 1704, गाव आजच्या उत्तर प्रदेशातलं बिलग्राम. हजहून परतल्यावर ते औरंगाबादला पाणचक्कीच्या तकियात राहिले. त्यांचे मित्र शाहनवाज खान यांचा 1758 मध्ये खून झाला, घर लुटलं गेलं आणि मुघल सरदारांची चरित्रं असलेला त्यांचा मोठा ग्रंथ विखुरला. आजादांनी पानं शोधून, जुळवून 'मआसिरुल उमरा' वाचवला. खुलताबादच्या अवलियांवर 'रौजतुल औलिया' हे पुस्तकही त्यांनीच लिहिलं. 1786 मध्ये तेही याच गावात विसावले.

बुर्‍हानुद्दीन यांच्या दर्ग्यात पहिला निजाम आसफजाहही आहे. आपला परभणी जिल्हा 1948 पर्यंत ज्या राज्यात होता, त्या राज्याचा संस्थापक.

आणि याच गावात भद्रा मारुतीचं मंदिर आहे, मारुतीची मूर्ती निद्रिस्त. शनिवारी आणि श्रावणात लांबून लोक पायी येतात. त्यांचा रस्ता दर्ग्यांच्या गावातूनच जातो.

आता त्या मुलाचा पहिला प्रश्न. औरंगजेब आपला होता का? मी त्याला म्हणालो, बाळा, राजा हा राजा असतो. त्याने 1659 मध्ये सख्ख्या भावाला, दारा शुकोहला मारलं. 1689 मध्ये संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलं. हे लिहिलेलं आहे, ते झाकायचं नाही. आणि त्याचा हिशेब तुझ्याकडे कुणी मागत असेल तर तो तुझ्यावर चढलेलं कर्ज नाही, हेही लक्षात ठेव. तू पूर्णेत जन्मलास, मराठीत निबंध लिहितोस, उर्दूत पत्र लिहितोस. तुला वारसा हवाच असेल तर वही घेऊन बसलेला हसन सिज्जी घे, मित्राची पानं गोळा करणारा आजाद घे, गुलामीतून उठून शहराला पाणी देणारा अंबर घे.

"आणि पोरांना काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांग, खुलताबादला चला, मी दाखवतो कोण कोण आहे ते."

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलंय. सकाळची रेल्वे, पुढे बस. दोन्ही वर्गांची मुलं आहेत, मैदानावरची ती पोरंसुद्धा. औरंगजेबाची कबरही बघू, पण शेवटी. आधी बाकीच्यांना भेटू.