तळटीप : ‘उत्तम स्थितीतील शिवराई’

३. लेखकाचे ‘उत्तम’ हे झिजेपुरते आहे; मजकूर पूर्ण आहे असा त्याचा अर्थ घेऊ नये. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. पण ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा बहुधा मोठा आणि घाव हाताने घातलेला. त्यामुळे टांकसाळीतून निघतानाच ‘श्री’ अर्धा असे, नाहीतर कडेची ठिपक्यांची माळ गायब. ही झीज नव्हे. झीज पाहायची ती उरलेल्या अक्षरांच्या माथ्यावर. नाणे उजेडात तिरपे धरले की रेघेची कड अजून धारदार आहे की बसून पसरट झाली आहे, ते लगेच कळते. १८६२ सालच्या व्हिक्टोरिया रुपयाची प्रत राणीच्या मुकुटावरून आणि गालावरून ठरवतात. यंत्रावर पाडलेल्या नाण्याचा तो हिशेब इथे चालत नाही. चिंचेने घासून लखलखीत केलेली शिवराई नवखे हौसेने घेतात. जाणकार तिची प्रत खालीच धरतो, आणि रास्तच आहे: तांब्यावर चढलेला जुना तपकिरी थर एकदा गेला की गेला. दोन रेघांची ‘दुदांडी’ पुढच्या काळातली. तिची प्रत स्वतंत्रपणे लावावी.