शिवणयंत्राचा गृहप्रवेश

फावल्या वेळीं गृहिणी आज हौसेनें झबलें-टोपडें शिवते. परंतु शिवणयंत्र घरांत सुखासुखी आलेलें नाहीं. फ्रान्समधील थिमोनिए या शिंप्यानें १८३० सालीं त्याचें पेटंट घेतलें, तेव्हां आपल्या पोटावर पाय येणार या भीतीनें पॅरिसच्या शिंप्यांनीं त्याचीं यंत्रें फोडलीं. बिचारा १८५७ सालीं दारिद्र्यांतच वारला. अमेरिकेंत एलियस हाउ यानें १८४६ सालीं टोंकाशीं नेढें असलेली सुई व दोन दोरे यांच्या योगें पक्की टीप साधली. तरीहि किंमतीमुळें यंत्र सामान्य घरांत शिरेना. सिंगर कंपनीनें १८५६ सालीं हप्त्यांनीं विक्री सुरू केली आणि दार उघडलें. हातानें १४ तासांत होणारा सदरा यंत्रावर सव्वा तासांत होऊं लागला. अर्थात् हिशेब यंत्र विकणाऱ्यांचाच! वांचलेल्या वेळांतील बराचसा मात्र अधिक झालरी व अधिक चुण्या घालण्यांतच खर्ची पडला.